जुन्या गाडीचं वायरिंग : पार्ट बदलण्याआधी काय मोजायचं

सेकंडहँड गाडीत इलेक्ट्रिकचा त्रास सुरू झाला की आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर), मग अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरणारा पार्ट). एवढा खर्च करूनही गाडी सकाळी उचलत नाही, तेव्हा ती माझ्यासारख्याकडे येते. सांगलीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. काढून टाकलेले ते पार्ट तपासले की त्यातले बरेचसे चांगले निघतात. खोट सापडते ती टर्मिनलवर, बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या वायरीत, नाहीतर कुणीतरी दोन तारा पिळून काळी टेप गुंडाळलेल्या जोडात. पगारातून पैसे साठवून घरासाठी पहिली गाडी घेणाऱ्या माणसाचा पैसा असा जाताना बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. यातलं बहुतेक काम पाच-सातशे रुपयांच्या डिजिटल मल्टिमीटरवर होतं आणि दारात उभ्या गाडीवर करता येतं.

आधी आकडे पाठ करा

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तर भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली गेली म्हणजे जवळपास रिकामी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. सेल्फ फिरत असताना 10 च्या वर राहिला तर बॅटरी ठणठणीत आहे. आधी 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फला 9.6 च्याही खाली कोसळत असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही.

गाडी चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवं. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर असं सगळं चालू करा, थोडी रेस द्या आणि परत बघा. 13.5 च्या खाली उतरत असेल तर बेल्ट, अल्टरनेटर किंवा त्याची बॅटरीकडे येणारी वायर, या तिघांपैकी एक. 15 च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय. अशी गाडी बॅटरीतलं पाणी उडवते आणि बल्ब जाळते.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या आणि तशाच काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर किती भरायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे चालू गाडीतही मधूनमधून 12.5-12.8 दिसतं. तो दोष नाही. त्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. स्वस्तात साधी बसवली की काही महिन्यांत ती बसते आणि दोष अल्टरनेटरवर जातो.

गाडी घ्यायला जाताना

सकाळी लवकर जा आणि एजंटला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर का गरम आहे ते विचारा. थंड गाडीचा पहिला सेल्फ जे सांगतो ते नंतरचे दहा सेल्फ सांगत नाहीत.

चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डच्या मीटरवर इंजिनचा, ऑइलचा, बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. गाडीत एबीएस आणि एअरबॅग असेल तर त्यांचेही. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत स्वतःहून विझतो. जो दिवा लागतच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते, कारण दुरुस्तीचा खर्च टाळायला बल्ब काढून टाकणारे लोक आहेत. काही जण एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडून देतात. सेल्फ मारल्यावर ते दोन्ही अगदी एकाच क्षणी विझत असतील तर शंका घ्या. हा दिवा तुमच्या पोराबाळांच्या जिवाचा आहे, इथे भिडेखातर गप्प बसू नका.

मग प्रत्येक बटण दाबून बघा. काचा दाराच्या बटणावरूनही आणि ड्रायव्हरकडूनही खाली-वर करा. एखादी काच दार उघडं असताना चालते आणि बंद केलं की चालत नाही, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तार तुटलेली आहे. मोटर बदलायची गरज नाही. डिकीचंही तसंच. मागचा वायपर, डिफॉगर, नंबरप्लेटचा दिवा यातले दोन-तीन एकदम बंद असतील तर वरच्या बिजागरीपाशी तारा तुटल्यात. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो, खालच्या नंबरांवर हवा नाही, तर बहुधा ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय. स्वस्त पार्ट आहे, भाव पाडायला उपयोगी. हॉर्न सरळ वाजतो पण स्टिअरिंग वळवल्यावर वाजत नाही आणि एअरबॅगचा दिवाही लागलेला आहे, तर स्टिअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी तुटली. हा मात्र खर्चाचा विषय आहे.

दोन्ही चाव्या मागा. मूळ चावीत चिप असते, ती नसेल तर इमोबिलायझर गाडी चालू होऊ देत नाही. दुसरी चावी हरवलीय असं सांगितलं तर नवीन बनवून कोडिंग करण्याचे पैसे आजच्याआज भावातून कमी करून घ्या.

2013 नंतरच्या गाडीला स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं. हजाराच्या आत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर तिथे लावा आणि मोबाइलवर बघा. ‘एकही कोड (दोषाची नोंद) नाही’ एवढ्यावर खूश होऊ नका, कोड दहा मिनिटांपूर्वी पुसलेले असू शकतात. त्याच ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटरचं, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणारं, पान असतं. तिथे बरेचसे मॉनिटर अपूर्ण दिसले, तर कोड अलीकडेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. काही गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली तेही दाखवतात. उलट, पाच-सहा वेगवेगळे कोड एकदम आले, त्यात एबीएसचा, स्टिअरिंगचा, यू अक्षराने सुरू होणारा असं सगळं असेल, तर घाबरून गाडी सोडू नका. बॅटरी बसलेली असताना सगळे कॉम्प्युटर एकमेकांबद्दल तक्रार करतात. बॅटरी भरा, कोड पुसा, दोन दिवस चालवून जो परत येईल तो खरा. एवढा वेळ एजंट देत नसेल, तर गाडी दुसरी बघा.

पुरात बुडालेली गाडी

आमच्या भागात हा प्रश्न वेगळा लिहावाच लागतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत हरभट रोड, मारुती चौकापर्यंत आलं, 2021 च्या जुलैमध्ये परत आलं, त्याच आठवड्यात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून पुढे विकल्या गेल्या, आणि विकणाऱ्याने त्या आपल्याच गावात विकल्या असतील असं नाही. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात बसून घेणाऱ्यानेही तपासलं पाहिजे.

पुराच्या गाडीचा त्रास लगेच दिसत नाही. पाणी वाळतं, गाडी चालू होते, सहा-आठ महिने बरी चालते. तोवर कपलरच्या (तारा एकमेकींना जोडणाऱ्या प्लगच्या) आत राहिलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि पिना हिरव्या पडत जातात. मग एक दिवस काच बंद पडते, पुढच्या आठवड्यात सेंट्रल लॉक, मग डॅशबोर्डचा मीटर मधूनच मरतो. प्रत्येक वेळी वेगळा दोष, म्हणून कुणालाच मूळ सापडत नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोजच्या वापरात न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर तीच पाण्याची पातळी. कव्हर धुतलं जातं, पण बेल्टच्या गुंडाळीतला गाळ बहुधा राहून जातो. सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा, गाडीच्या वयाच्या मानाने जास्त गंज आहे का. सीटखालचा कपलर सोडवून पिनांवर हिरवी-पांढरी पूड आहे का ते टॉर्च मारून बघा. पिवळा असेल तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगचा. स्टेपनीखालची खळगी, कार्पेटखालचा फोम दाबून बघा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कॉम्प्युटर हँडब्रेकच्या पुढे जमिनीलगत असतो. पाणी सीटपर्यंत चढलं होतं म्हणजे तो पाण्यात होता. माझं मत स्पष्ट आहे: कितीही स्वस्त मिळाली तरी अशी गाडी घरच्यांसाठी घेऊ नका.

अर्थिंग : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गाडीत प्लसच्या तारा असतात, परतीचा रस्ता मात्र बॉडी आणि इंजिनच्या लोखंडातून असतो. बॅटरीची मायनस बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे आवळलेली असते, त्या एक-दोन बोल्टांतून सगळ्या गाडीचा करंट परत येतो. जुन्या गाडीत हेच बोल्ट आधी बिघडतात.

एका शिक्षिकेची गाडी आली होती. बॅटरी नवी, सेल्फ रिपेअर केलेला, तरी सकाळी सेल्फ ओढत ओढत फिरायचा. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर 11.2 दिसत होते, म्हणजे बॅटरी दमलेली नव्हती. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर ठेवली, लाल पिन इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर, आणि परत सेल्फ मारायला सांगितला. मीटरने 2.6 व्होल्ट दाखवले. इथे 0.2-0.3 च्या वर जाता कामा नये. प्लसच्या तारेत आणखी 0.3 जात होते. म्हणजे सेल्फच्या वाट्याला जेमतेम 8.3 व्होल्ट. त्या गाडीची मायनस आधी बॉडीला आणि तिथून चपट्या विणलेल्या पट्टीने गिअरबॉक्सला जाते. आधीच्या मालकाने पुढचा डेंट काढून रंग मारून घेतला होता आणि बॉडीवरचं थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) ताज्या रंगावर आवळलं होतं. बोल्ट घट्ट होता, दिसायला सगळं चकचकीत. रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, थिंबल घासून बसवलं, परत मोजलं तर 0.1. सेल्फ एका झटक्यात.

आधी दुसरीकडे कुणीतरी ही अर्थ मीटरच्या बीपवर (तार जोडलेली असली की वाजते ती) तपासून ‘ओके’ सांगितली होती. इथेच बरेच जण फसतात. बीपसाठी मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. दहा-वीस तारांच्या जुडग्यातली एक तार शाबूत असली तरी बीप वाजते. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. 0.02 ओहमचा अडथळा साध्या मीटरवर दिसणारही नाही, पण 130 अँपिअरला तोच 2.6 व्होल्ट खातो. म्हणून तपासणी कायम लोडवर करायची: सेल्फ मारताना, हेडलाइट चालू असताना, फॅन फिरत असताना. कुठल्याही तारेची दोन टोकं मीटरने पकडा, लोड चालू करा. त्या तारेत किती व्होल्ट वाया जातात ते तुमच्यासमोर येतं. हेडलाइटच्या अर्थला 0.1-0.2 च्या वर दिसलं तर काच कितीही पॉलिश करा, उजेड येणार नाही.

मीटर न लावताही काही खुणा कळतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, किंवा इंडिकेटरबरोबर मागचा लाल दिवा लुकलुकतो: त्या दिव्याची अर्थ सुटलीय, करंट दुसऱ्या बल्बमधून रस्ता शोधतोय. काच वर करताना रेडिओ बंद पडतो, हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा हलतो: डॅशबोर्डखालचा अर्थ बोल्ट बघा.

काम करताना आधी मायनस काढायची, बसवताना ती शेवटी लावायची. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, डोळे सांभाळा, वाळू द्या. लोखंड लोखंडाला घट्ट बसलं की मगच वरून व्हॅसलीन लावा. मायनस काढल्यावर काही गाड्यांत काचेचं एका स्पर्शात चालणारं बटण परत शिकवावं लागतं आणि काही स्टिरिओ कोड मागतात, तो मालकाकडून आधीच घेऊन ठेवा.

रात्रीतून बॅटरी बसते

बंद गाडीही थोडा करंट खाते. कॉम्प्युटर, अलार्म, घड्याळ मिळून 20 ते 50 मिलिअँपिअर हे ठीक. लहान गाडीच्या 35 एएच (अँपिअर-तास) बॅटरीला 30 मिलिअँपिअरने महिन्याभरात साधारण 21 एएच जातात, म्हणून महिना-महिना उभी राहणारी गाडी दोष नसतानाही दगा देते. पण 300 मिलिअँपिअर जात असतील तर अडीच दिवसांत बॅटरी निम्मी.

मोजायची पद्धत अशी. बोनेट उघडं ठेवा. ज्या दारातून फ्यूजबॉक्सला हात घालायचा ते दार उघडून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटेल. चावी लांब ठेवा. मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात घाला. मीटर आधी मायनसच्या तारेला आणि खुंटीला जोडा आणि मगच टर्मिनल अलगद उचला, म्हणजे करंट तुटत नाही. आता अर्धा तास थांबा. कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो, आणि सुरुवातीचा मोठा आकडा बघून अनेक जण उगाच फ्यूज काढत सुटतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत; मीटरचा फ्यूज उडतो. काम झाल्यावर लाल पिन आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला.

अर्ध्या तासानंतरही आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्याच लाइनवर. डिकीचा किंवा डॅशच्या कप्प्याचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले (करंटवर चालणारा स्विच), आणि सगळ्यात जास्त वेळा बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा जीपीएस ट्रॅकर. कुठल्याच फ्यूजने फरक पडत नसेल तर मीटर काढून बॅटरीची मायनस मोकळी ठेवा, अल्टरनेटरची जाड तार सोडवून टेप लावा, मीटर परत जोडून मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटरमधला डायोड गळतोय.

बाहेरून लावलेल्या वस्तू, उंदीर आणि सीएनजी

स्टिरिओ, कॅमेरा, मोठा हॉर्न, फॉगलॅम्प, सेंट्रल लॉक. सेकंडहँड गाडीत हे ‘फुकट’ मिळतं आणि बरेच दोष त्याच्यासोबत येतात. 55/60 वॅटच्या होल्डरमध्ये 90/100 वॅटचा बल्ब घातला की होल्डर वितळतो, बटण जळतं. फ्यूज सतत उडतोय म्हणून मोठा घालू नका: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअरचा. फ्यूज वाढवला की जळायची पाळी तारेची येते. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळलेला फ्यूज दिसला तर त्या गाडीचं अख्खं वायरिंग तपासून घ्या.

उंदरासाठी एअरफिल्टरचा डबा आणि डॅशच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर उघडून बघा. शेंगांची टरफलं, फोमचे तुकडे, लेंड्या मिळाल्या तर जवळपासच्या तारा बोट फिरवून तपासा. तंबाखूची पानं, फवारे यावर माझा फारसा विश्वास नाही. बारीक जाळी आणि रोज हलणारी गाडी हेच उपयोगी पडतं.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये पेट्रोलच्या इंजेक्टरच्या तारा कापून किटच्या कॉम्प्युटरमधून फिरवतात. गाडी पेट्रोलवर झटके देते आणि सीएनजीवर बरी चालते, किंवा उलट, तर आधी ते जोड बघा. आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि टाकीची दर 3 वर्षांची टेस्ट झालीय का तेही बघा. सीएनजीवाले पेट्रोल टाकीत थेंबभर ठेवतात, त्यात टाकीतला पेट्रोलचा पंप जळतो. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद त्या पंपाची बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे.

घाटात तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने थंड झाली की चालू होते, ही तक्रार आंबा घाटातून येणाऱ्या गाड्यांत नेहमीची. पी0335 कोड असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) आणि त्याचा कपलर आधी बघा. कोड नसेल तर बंद पडल्यापडल्या पंपाची ती गुणगुण ऐका.

जोड कसा द्यायचा

तारा पिळून टेप लावायची नाही. उन्हाळ्यात बोनेटखाली टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं. योग्य मापाची क्रिंप स्लीव्ह (तारांवर दाबून बसवायची धातूची नळी) घ्या, क्रिंपिंगच्या पकडीनेच दाबा, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवून गरम करा. सोल्डर केलंत तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तार बांधून घ्या, नाहीतर थरथरून ती सोल्डरच्या कडेला तुटते. मूळ तारेपेक्षा बारीक तार वापरू नका. जोड झाला की लोड चालू करून त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा, 0.1 च्या आत असेल तरच पॅनल बसवा.

पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या नळीतल्या तारांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचा नाही. तेवढ्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते. ते काम एअरबॅगचा स्कॅनर असलेल्या माणसाकडेच द्या, आणि बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय तो त्या तारांना हात लावत नाही ना, ते उभं राहून बघा.